एफ्. एम्. रेडिओ कसा बोलतो ?

पेरणी, फवारणी किंवा मळणी यांचा बेत ज्यास ठरवावयाचा आहे, त्या शेतकऱ्यास हवामानाची वार्ता वेळेवर मिळणें हें चांगल्या बियाण्याइतकेंच महत्त्वाचें आहे. इ. स. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यांत झालेल्या गारपिटीनें हातातोंडाशीं आलेलीं पिकें कशीं नेलीं, हें वाचकांस सांगणें नलगे. परंतु अडचण अशी कीं, ज्या घटकेस आभाळ भरून येतें व वार्तेची खरी गरज लागते, त्याच घटकेस जुन्या पद्धतीचा रेडिओ खरखर करूं लागतो. एफ्. एम्. रेडिओ मात्र तेव्हांही बहुधा स्पष्ट बोलतो. पण डोंगराआड गेलें कीं तोच मुका होतो. या दोन्ही गोष्टींचीं कारणें वेगवेगळीं आहेत.

प्रक्षेपण केंद्राच्या मनोऱ्यावरून आवाज निघत नाहीं. निघतात त्या विद्युच्चुंबकीय लहरी. सेकंदास जितक्या लहरी निघतात, ती त्यांची कंपनसंख्या होय. छत्रपति संभाजीनगरचें आकाशवाणी केंद्र १०१.७ मेगाहर्ट्झवर लागतें; म्हणजे तेथून दर सेकंदास सुमारें १० कोटी १७ लक्ष लहरी निघतात. ही लहर केवळ गाडी आहे, आवाज हा तिच्यावरील माल. प्रश्न एवढाच कीं, हा माल लादावयाचा कसा ?

दवंडीचें उदाहरण घेऊं. दवंडी देणाऱ्यानें खुणेचा निरोप दोन प्रकारें द्यावा : टिपरी कधीं जोरानें, कधीं हळू मारून, किंवा जोर एकसारखा ठेवून कधीं जलद, कधीं सावकाश मारून. सोसाट्याचा वारा सुटला तर पहिला निरोप बिघडतो, कारण जोर कमी झाला तो टिपरीनें कीं वाऱ्यानें, हें कळत नाहीं. दुसरा निरोप मात्र टिकतो. टोले जलद पडले कीं सावकाश, हें वाऱ्यांतही मोजतां येतें.

जुन्या ए. एम्. पद्धतींत आवाजाप्रमाणें लहरीची उंची कमीजास्त करतात. आकाशांतील वीज व चालू मोटारीची ठिणगी हीं दोन्हीही मुख्यतः उंचीच बिघडवितात. म्हणून खरखर आवाजांत मिसळते. एफ्. एम्. पद्धतींत उंची कायम ठेवून कंपनसंख्या मूळ आंकड्याच्या वरखालीं सरकवितात. बोलणारा मोठ्यानें बोलला तर ती अधिक दूर, पण दोन्ही बाजूंस ७५ हजारांपर्यंतच, सरकते. स्वर बारीक असला तर ती अधिक वेळां सरकते. ग्राहकयंत्र हें सरकणें मोजून त्याचा पुन्हा आवाज करतें.

मोजण्यापूर्वीं यंत्र आणखी एक काम करतें. पायलीवरची शीग हातानें सपाट करावी, तशी तें लहरींची कमीजास्त उंची छाटून टाकतें. विजेची खरखरही त्याबरोबर पुष्कळशी जाते. पण पायली कांठोकांठ भरलीच नाहीं तर सपाट काय करणार ? म्हणून लहर फार क्षीण आली तर एफ्. एम्. यंत्रही खरखरतें.

ही पद्धति व्यवहारांत आणण्याचें श्रेय एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याकडे जातें. त्याचीं पेटंटें १९३३ सालचीं आहेत. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें तें मध्यम लहरींवर. आपल्या देशांत आकाशवाणीची पहिली एफ्. एम्. सेवा बरोबर ५० वर्षांनीं, २३ जुलै १९७७ रोजीं, मद्रास येथें सुरू झाली.

आतां डोंगराची गोष्ट. हा दोष एफ्. एम्. पद्धतीचा नसून तिच्यासाठीं वापरलेल्या आंखूड लहरींचा आहे. मध्यम लहर शेंकडों मीटर लांब असते. ती जमिनीच्या कलानें जाते व रात्रीं वरच्या वातावरणावरून परतून दूरवर पोंचते. १०१.७ ची लहर जेमतेम ३ मीटरांची. ती बहुतेक दृष्टीप्रमाणें सरळ जाते. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून ती सपाटीवर सुमारें ४० किलोमीटर पोंचते, आणि ग्राहकाची तार ९ मीटर उंच नेली तर आणखी सुमारें १२ किलोमीटर. गोदाकांठच्या सपाट मुलुखांत हा हिशेब बराचसा जमतो. अजिंठ्याच्या रांगांत मध्येंच डोंगर आला कीं तो मोडतो.

यावरून घरीं करावयाचें तें असें. यंत्राची दांडी सुमारें ७४ सेंटिमीटर, म्हणजे लहरीच्या चौथाईइतकी, ओढावी. यंत्र लोखंडी पत्र्याखालीं न ठेवतां खिडकीपाशीं किंवा माळवदाच्या खोलींत ठेवावें. मोबाईलवर एफ्. एम्. ऐकतांना कानांतील यंत्राची तार बहुधा दांडीचें काम करते. ती गुंडाळूं नये. डोंगराआडच्या गांवानें मात्र एफ्. एम्. वर सर्वस्वीं विसंबूं नये. मध्यम लहरींचा पट्टा असलेलें यंत्रही जवळ असूं द्यावें. घरावर उंच तार लावली असल्यास ढग गडगडण्यापूर्वींच ती यंत्रापासून सोडवावी व घरांतील दांडीवरच ऐकावें. वीज कडाडूं लागल्यावर त्या तारेस हात लावूं नये. वार्तेपेक्षां जीव मोलाचा आहे.