थंडीतील जमीन आणि नत्राचे जिवाणू
– ऊस विकास अधिकारी



सुरू लागणीचा हंगाम १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, म्हणजे ऐन थंडीचा. या दिवसांत गटागटांतून एकच तक्रार येते : "साहेब, बेण्याला कल्चर लावलं, महिना झाला तरी फरक नाही. पाकिटं बोगस तर नाहीत ना?" दुसरीकडे काही जण कल्चरच्या भरवशावर लागणीचा युरियाच बंद करतात. दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे जमिनीची थंडी.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ते सोडवायला खत कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू हेच काम आपल्या साध्या मातीत करतात. मात्र त्यांना दोन गोष्टी हव्यात : खायला सेंद्रिय पदार्थ आणि बेताची ऊब. बगॅस नसेल तर बॉयलर पेटत नाही, तसेच हे आहे.

अ‍ॅझोटोबॅक्टर जमिनीत राहतो. अ‍ॅसिटोबॅक्टर उसाच्या आतच राहतो. ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी १९८८ साली तो उजेडात आणला. दोघांनाही २५ ते ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. तापमान १० अंशांनी उतरले की जिवाणूंचे काम साधारण निम्म्यावर येते. म्हणजे थंडीने ते मरत नाहीत, मंदावतात. मारते ते ऊन! पत्र्याच्या शेडात तापलेले पाकीट हेच खरे बोगस.

थंड मुलखात असे जिवाणू नसतात असेही नाही. कॅनडाच्या अगदी उत्तरेला जमीन खाली बाराही महिने गोठलेली असते. तिथल्या रानटी शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरही गाठी असतात. १९८० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या गाठींतील रायझोबियम चाऱ्याच्या पिकावर वापरून पाहिले. थंडीत ते नेहमीच्या रायझोबियमपेक्षा सरस ठरले. पण ते त्या मातीत पिढ्यान् पिढ्या मुरलेले. आपल्या पाकिटातले जिवाणू उबेचे सोबती आहेत.

हरभऱ्याचेही पाहा. ऑक्टोबरात पेरलेल्या हरभऱ्याला जमीन उबदार असतानाच गाठी धरतात. पेरणी डिसेंबरात गेली की गाठी उशिरा येतात. गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-लाल असेल तर ती कामाची.

आता सुरू लागणीसाठी काय करावे?

१) लागणीच्या वेळचा नत्र तोडू नये. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची. पैकी १० टक्के लागणीला, म्हणजे एकरी सुमारे २२ किलो युरिया. कोंब व मुळे धरण्याच्या दिवसांत हाच आधार असतो. इथे हात आखडला तर फुटव्यांना फटका बसतो, आणि फुटवे गेले की टनेज गेले.

२) दुसरा मोठा हप्ता, ४० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी येतो. तोवर थंडी ओसरू लागते, जिवाणूही कामाला लागतात. नत्रात बचत करायचीच तर ती माती परीक्षण करून, या आणि पुढच्या हप्त्यांतून करावी. तेव्हाही चार सऱ्यांना पूर्ण खत देऊन तुलना पाहावी. डोळ्यांनी दिसेल ते खरे.

३) शेणखत, कंपोस्ट भरपूर घालावे. पाचट जाळू नये.

४) पाणी हलके द्यावे. सतत ओल धरलेली जमीन उशिरा तापते, आणि मुळांना हवाही मिळत नाही.

५) बेण्याला बुरशीनाशक आधी, कल्चर नंतर. कल्चर रासायनिक खतात मिसळू नये. पाकिटावरची मुदत पाहूनच घ्यावे आणि सावलीत ठेवावे.

थोडक्यात, थंडीत कल्चर लावले म्हणून वाया जात नाही. पण त्याच्याकडून जानेवारीत मार्चचे काम मागू नये. शंका असल्यास आपल्या गट कार्यालयातील शेतकी मदतनिसास भेटावे.