विद्यार्थ्यांचीं मेजें
बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ १८६८ सालीं सरकारी खर्चानें स्थापन झालें. संशोधनांत त्याची कीर्ति मोठी आहे. तथापि त्याच्या इतिहासांतील जें प्रकरण आम्हांस विशेष मननीय वाटतें, तें प्रयोगशाळेंतलें नसून दरवाज्यापाशीं मांडलेल्या मेजांचें आहे.

१९६४ च्या सप्टेंबरांत अधिकाऱ्यांनीं हुकूम काढिला कीं, या मेजांवरून राजकीय पत्रकें वांटूं नयेत व वर्गणीहि गोळा करूं नये. यांतील कांहीं विद्यार्थी नुकतेच मिसिसिपींत कृष्णवर्णीयांचीं नांवें मतदारयादींत घालण्यासाठीं खपून आले होते. त्यांस हें कसें मानवावें? १ ऑक्टोबर रोजीं पोलिसांनीं जॅक वाइनबर्ग यास पकडून मोटारींत बसविलें, तोंच शेंकडों विद्यार्थ्यांनीं तीस वेढा दिला. मोटार सुमारें बत्तीस तास जागची हलली नाहीं. तिच्या टपावरून बोलण्यापूर्वीं मारिओ साव्हिओनें पायांतले बूट काढिले होते, हें त्यांस दंगेखोर म्हणणारांनीं ध्यानांत घ्यावें. डिसेंबरांत स्प्राउल हॉल या कचेरींत ठाण मांडणाऱ्या सुमारें ८०० जणांस अटक झाली.

विद्यार्थ्यानें पुस्तकांतच डोकें घालावें, असें सांगणारे गृहस्थ आमच्या पेठेंतहि पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही विचारतों, आपण कर भरून विद्यापीठें पोसतां, तीं काय मुक्या पदवीधरांसाठीं? ८ डिसेंबर रोजीं प्राध्यापकांच्या सभेनें भाषणाच्या मजकुरावर निर्बंध नसावा, असें ८२४ विरुद्ध ११५ मतांनीं ठरविलें. हेंच तिनें सप्टेंबरांत ठरविलें असतें, तर त्या ८०० जणांस तुरुंग पाहावा लागता ना. कचेरीच्या पायऱ्यांस १९९७ सालीं साव्हिओचेंच नांव देण्यांत आलें.