टाकीचा तळ: वाळू घ्यायची की माती?

झाडांच्या टाकीवरच्या आपल्या गप्पांमध्ये आज तळाची पाळी. फिल्टर नंतर बदलता येतो, दिवा बदलता येतो. तळ बदलायचा म्हणजे झाडं उपटा, मासे बादलीत काढा, अख्खी टाकी रिकामी करा. म्हणून या एका खरेदीत घाई नको.

दुकानात गेलात की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, ‘झाडं लावणार ना? मग सॉइल घ्या.’ आणि समोर एक महागडी पिशवी येते. सॉइल वाईट असते असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. लावायची आहेत ती झाडं कुठली? आणि तुमच्या नळाला पाणी कसलं येतं? तळ या दोन उत्तरांवर ठरतो.

आधी झाडांचं बघू. अनुबियास, जावा फर्न, मॉस यांचा तळाशी तसा काही संबंधच नसतो. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं जाडसर खोड, आल्याच्या गड्ड्यासारखं दिसतं ते, वाळूत पुरलं की सडायला लागतं. ही झाडं लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात. तुमची यादी एवढीच असेल तर सॉइलचे पैसे वाचवा आणि चांगला दिवा घ्या. हायग्रोफिला, रोटाला, लुडविजिया ही उभ्या दांड्याची झाडं मुळांतूनही खातात आणि पानांतूनही. पाण्यात द्रवखत दिलं तर साध्या वाळूतही छान वाढतात. खरी मुळावर जगणारी म्हणजे क्रिप्टोकोरीन, अमेझॉन स्वोर्ड, टायगर लोटस. मॉन्टे कार्लो, हेअरग्रास अशा गालिचा करणाऱ्या झाडांनाही मुळाशी अन्न असलं की फरक लगेच दिसतो.

आता वाळू. वाळूचं काम मुळं धरून ठेवणं, बस्स. ती झाडाला खायला काही घालत नाही. त्यामुळे वाळूत स्वोर्ड लावलात तर मुळाशी खताची गोळी, म्हणजे रूट टॅब, दोन-तीन महिन्यांनी खोचावी लागते. एवढं सांभाळलं तर वाळूची टाकी वर्षानुवर्षं चालते.

पण वाळू कुठली? बांधकामाच्या दुकानात आज वाळू मागितली की बहुतेक वेळा क्रश सँड मिळते, म्हणजे दगड फोडून केलेली. तिच्या कडा धारदार असतात आणि भुकटी इतकी, की धुताना हात दुखून येतात. तळ उकरून खाणारे कोरीडोरास, लोच असे मासे ठेवायचे असतील तर ती मी घेत नाही. नदीची वाळू गोलसर असते, पण दख्खनच्या नद्यांच्या वाळूत चुनखडीचे खडे हमखास सापडतात. चुनखडी हळूहळू विरघळते, पाणी कठीण होत जातं, पीएच वर चढतो. समुद्राच्या वाळूत तर शिंपल्यांचा चुराच असतो. ती कितीही धुतली तरी गोड्या पाण्याच्या झाडांना नको.

तपासणी घरीच होते. मूठभर वाळू वाळवून, थोडी कुटून तिच्यावर व्हिनेगर टाका आणि कान लावून बघा. फसफसलं, बुडबुडे आले, की चुना आहे. व्हिनेगर सौम्य असतं, थोडा चुना असला तर कळत नाही. म्हणून दुसरी चाचणी मला जास्त आवडते. बरणीत धुतलेली वाळू घ्यायची, वर आरओचं पाणी भरायचं आणि टीडीएस मोजून ठेवायचा. आठवड्याने पुन्हा मोजायचा. आकडा जरासा हलला तर चालेल, चढतच राहिला तर ती वाळू कुंड्यांना द्या.

या सगळ्या कटकटीतून सुटायचं असेल तर स्विमिंग पूल आणि पाणी शुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये जी सिलिका सँड घालतात ती शोधा. ती चाळून, दाण्याच्या मापाने विकली जाते. १६/३० मेश म्हणजे साधारण ०.६ ते १.२ मिमी, ८/१६ म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिमी. बहुतेक झाडांना १ ते २ मिमीच्या आसपासचा दाणा मानवतो. पिठासारखी बारीक वाळू घट्ट बसते, खाली ऑक्सिजन पोचत नाही, आणि मग काडी खुपसली की सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई वाळूत शिरून ती मोकळी ठेवतात. लोक त्यांना शिव्या देतात, मला त्या आवडतात.

आता त्या पिशवीकडे येऊ. अ‍ॅक्वासॉइल म्हणजे मातीचे भाजून केलेले दाणे. जपानच्या ताकाशी अमानो यांनी आणि त्यांच्या एडीए कंपनीने हा प्रकार जगभर नेला; आता बऱ्याच कंपन्या तो बनवतात. त्याचे गुण दोन. एक, त्याची धन आयन विनिमय क्षमता मोठी असते. शेतीशी संबंध असलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल: मातीचे कण अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम धरून ठेवतात आणि मुळांना लागेल तसं सोडतात. दुसरा, तो पाण्यातला कठीणपणा शोषून पीएच साधारण ६ ते ६.५ पर्यंत खाली आणतो.

इथे तुमच्या नळाचं पाणी मध्ये येतं. मुंबईला तलावांचं पाणी मुळातच मऊ मिळतं, तिथे सॉइलचा हा गुण बराच काळ टिकतो. पण तुमच्या सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं कठीण पाणी येत असेल, तर प्रत्येक वेळी पाणी बदललं की सॉइल त्यातला चुना ओढत राहते आणि काही महिन्यांतच तिची ती ताकद संपते. मग आरओच्या पाण्याची सोय तरी हवी, नाहीतर सरळ वाळू आणि रूट टॅब. आणि गप्पी, मॉली, गोगलगाई पाळायच्या असतील तर उलट त्यांना कठीण पाणीच लागतं. मऊ, आम्ल पाण्यात गोगलगाईंचे शंख झिजतात. टेट्रा, रासबोरा मात्र सॉइलवर खूश असतात.

आता जरा लक्ष देऊन ऐका, कारण मासे इथे मरतात. नवीन, खत भरलेली सॉइल पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं, झाडं टवटवीत, घरातली मुलं मागे लागलेली, आणि तिसऱ्याच दिवशी मासे सोडले जातात. पीएच ७ च्या खाली असताना त्या अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात असतो, तो माशांना फारसा बाधत नाही. पण त्यात ८ पीएचचं कठीण पाणी भरपूर ओतलं की पीएच वर उडी मारतो आणि त्याच अमोनियमचा काही भाग विषारी अमोनिया होतो. म्हणजे काळजीपोटी पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत मासे वर तरंगले. दोष पाणी बदलण्याचा नाही, टाकी तयार नसताना मासे सोडण्याचा आहे. पहिला आठवडा रोज किंवा एकाआड एक दिवस निम्मं पाणी बदला, पुढे हळूहळू कमी करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत मासा नाही. याला साधारण तीन ते सहा आठवडे जातात. चाचणी किटचा खर्च सॉइलच्या बजेटमध्येच धरा.

तिसरा मार्ग, स्वस्तातला आणि माझ्या आवडीचा: साधी माती आणि वर वाळूचं झाकण. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत शास्त्र समजावून मांडली. माती साधारण अडीच सेंटिमीटर, वर वाळू किंवा बारीक खडी तेवढीच. पण नर्सरीतून तयार मिश्रण उचलू नका. त्यात शेणखत असतं, कधी निंबोळी पेंड असते. शेणखत पाण्यात अमोनिया सोडतं, निंबोळी माशांना घातक. कोकोपीट तर उचलून वरच येतं. खत न घातलेली बागेतली माती घ्या, चाळा, बादलीत भिजवा, वर तरंगणारा कचरा ओतून द्या, उन्हात वाळवा, पुन्हा भिजवा. असं तीन-चार वेळा.

काळी माती वापरू का, असं बरेच जण विचारतात. अन्न धरून ठेवण्यात ती उत्तमच, पण भिजली की फुगते, कण अतिशय बारीक, आणि एक झाड उपटलं की टाकीचा चहा होतो. चुनखडीही असतेच. वापरायचीच तर वाळूत मिसळून, पातळ थरात. कोकणातल्यांकडे जांभा आहे. जर्मनीतले हौशी लोक १९८०च्या दशकात टाकीच्या तळाशी लॅटराइट घालायचे, तो हाच. त्यात लोह भरपूर, बाकी अन्न बेताचं. जांभ्याचा चुरा मातीत मूठ-दोन मुठी मिसळायला छान, त्याचाच अख्खा तळ करायला नको.

शेवटी हिशोब. लांबी गुणिले रुंदी गुणिले थराची जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००, की लिटर निघतात. दोन फुटी टाकी, ६० बाय ३०, थर ५ सेंटिमीटर: ९ लिटर. वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे तेरा-चौदा किलो. मागे थोडा उतार हवा असेल तर दोन किलो जास्त घ्या. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा, सॉइल मात्र धुवू नका, दाणे फुटतात. आणि पाणी भरताना तळावर एक बशी ठेवून तिच्यावर धार सोडा.

पुढच्या भागात दिव्याबद्दल बोलू. तोवर तुमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच मोजून ठेवा.