एका सभागृहाचा नकार

१६ डिसेंबर १९७५. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, त्या वर्षाचं कामकाज आटोपत आलं होतं. प्रतिनिधीगृहात एक ठराव आला. तो छापलाच नव्हता, त्यामुळे सदस्यांच्या हाती प्रत नव्हती. इमिग्रेशनविषयक उपसमितीचे अध्यक्ष जोशुआ आयलबर्ग यांनी थोडक्यात सांगितलं, की समितीने ३४० प्रकरणं तपासली आहेत आणि ठरावातले सहा जण कायद्याच्या अटींत, विशेषतः हलाखीच्या अटीत, बसत नाहीत. चर्चा झाली नाही. बाजूने किती नि विरोधात किती याची मोजणीही झाली नाही. ठराव मंजूर झाला. त्या सहा नावांत एक नाव जगदीश राय चढ्ढा यांचं होतं.

साडेसात वर्षांनी याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की त्याने कायद्यांतल्या सुमारे दोनशे तरतुदींच्या मुळावर घाव बसला. अमेरिकी राज्यघटनेची ओळख करून देताना लोक बहुधा १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटना-अधिवेशनापासून किंवा १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यापासून सुरुवात करतात. मला मात्र चढ्ढांचा खटला अधिक मोलाचा वाटतो. कायदा करणारी काँग्रेस, तो राबवणारं राष्ट्राध्यक्षांचं प्रशासन आणि त्याचा अर्थ लावणारं न्यायालय, या तिन्ही सत्तांचा हात इथे एकाच माणसाच्या फाइलवर पडलेला दिसतो. घटनेने त्या माणसाला वाचवलं, हे खरं. त्याची किंमत पुढे कुणी मोजली, हेही याच खटल्यातून समजतं.

चढ्ढा मूळ भारतीय कुटुंबातले, जन्म केनियातला, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ मध्ये ते विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आले आणि ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात शिकले. ३० जून १९७२ ला व्हिसाची मुदत संपली. जायचं कुठे? केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि चढ्ढा तिथले नागरिक नव्हते. ब्रिटनने १९६८ मध्ये घाईघाईने कायदा करून पूर्व आफ्रिकेतल्या आशियाई वंशाच्या ब्रिटिश पासपोर्टधारकांसाठी आपलं दार जवळजवळ लावून घेतलं होतं. ज्या देशाचा पासपोर्ट खिशात, त्याच देशात सरळ पाऊल ठेवता येत नाही, अशी त्या हजारो कुटुंबांची कोंडी झाली होती. व्हिसाच्या तारखांवर डोळे लावून बसलेली मुलं आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आहेत. पण त्यांच्यामागे परतायला एक देश असतो. चढ्ढांमागे तोही नव्हता.

ऑक्टोबर १९७३ मध्ये इमिग्रेशन खात्याने त्यांना नोटीस बजावली : तुम्हाला हद्दपार का करू नये? मुदत उलटल्याचं चढ्ढांनी मान्य केलं आणि कायद्यातल्या एका सवलतीसाठी अर्ज केला. सलग सात वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि हद्दपारी झाल्यास पराकोटीची हलाखी, एवढं सिद्ध झालं तर ॲटर्नी जनरलला हद्दपारी थांबवता येत असे. इमिग्रेशन न्यायाधीशाने सुनावणी घेतली, पुरावा पाहिला आणि जून १९७४ मध्ये चढ्ढांच्या बाजूने निर्णय दिला.

पण या सवलतीला एक शेपूट होतं. प्रत्येक प्रकरणाचा अहवाल काँग्रेसकडे पाठवायचा. आणि प्रतिनिधीगृह किंवा सिनेट, कोणत्याही एका सभागृहाने विरोधाचा ठराव केला की माणूस हद्दपार. दुसऱ्या सभागृहाची संमती नको, राष्ट्राध्यक्षांची सही नको. हाच तो ‘लेजिस्लेटिव्ह व्हेटो’.

हा प्रकार आला कुठून? १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना सरकारी खात्यांची फेररचना करायची होती. प्रत्येक बदलासाठी वेगळा कायदा करायचा तर वर्षं जातील. तेव्हा काँग्रेसने त्यांना अधिकार देऊन टाकला आणि एका सभागृहाच्या नकाराने तो बदल रद्द करण्याची मुभा स्वतःकडे ठेवली. सरकारचा पसारा वाढत गेला तशी ही सोय दोघांनाही मानवली. राष्ट्राध्यक्षांना मोकळीक मिळाली, काँग्रेसच्या हाती लगाम राहिला. हद्दपारीच्या बाबतीत तर तिचं आणखी एक कारण होतं. १९४० पूर्वी कुणा एकाची हद्दपारी टाळायची तर त्या माणसापुरतं खासगी विधेयक आणून, दोन्ही सभागृहांत मंजूर करून, राष्ट्राध्यक्षांच्या सहीने त्याचा कायदा करावा लागे. त्या कटकटीतून सुटका हवी होती.

इथे घटनेचा मजकूर पाहावा लागतो. पहिल्या अनुच्छेदाचं सातवं कलम सांगतं, की विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर करायचं, मग ते राष्ट्राध्यक्षांपुढे जायचं. त्यांनी व्हेटो वापरला तर दोन्हीकडे दोन-तृतीयांश मतांनी तो मोडता येतो. ही सभागृहंही मुद्दाम वेगळ्या मातीची घडवलेली. प्रतिनिधीगृहातल्या जागा लोकसंख्येप्रमाणे, मुदत दोन वर्षं. सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य, मुदत सहा वर्षं. आणि १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीपर्यंत त्यांना जनता नव्हे, राज्यांची विधिमंडळं निवडून देत. एका लाटेत दोन्ही सभागृहं वाहून जाऊ नयेत, ही त्यामागची धडपड.

त्याहून नेमकी गोष्ट १७८७ च्या ऑगस्टमधली आहे. १५ तारखेला जेम्स मॅडिसन यांनी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात शंका काढली : राष्ट्राध्यक्षांचा व्हेटो फक्त ‘विधेयकां’ना लागू केला तर काँग्रेस तीच गोष्ट ‘ठराव’ म्हणून करून मोकळी होईल. त्यांची सूचना त्या दिवशी फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी एडमंड रँडॉल्फ यांनी ती वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडली आणि ती स्वीकारली गेली. म्हणून आजही घटनेत स्वतंत्र वाक्य आहे, की दोन्ही सभागृहांची सहमती लागणारा कोणताही आदेश, ठराव किंवा मतदान राष्ट्राध्यक्षांपुढे गेलंच पाहिजे. अपवाद फक्त कामकाज तहकुबीचा. चढ्ढांच्या नावाचा ठराव यायच्या १८८ वर्षं आधी कुणीतरी ही पळवाट बुजवू पाहिली होती. इतका दूरचा विचार केलेलं वाक्य वाचताना मला त्या माणसांविषयी आजही आदर वाटतो.

ठरावाविरुद्ध चढ्ढा कोर्टात गेले आणि खटल्यात एक विलक्षण गोष्ट घडली. चढ्ढा ज्याच्याविरुद्ध भांडत होते, ते इमिग्रेशन खातंच त्यांच्याशी सहमत झालं. विल्सन यांच्यापासून रेगन यांच्यापर्यंत अकरा राष्ट्राध्यक्षांनी अशा नकाराधिकाराला कधी ना कधी घटनाबाह्य म्हटलं होतं, मग त्यांच्या हाताखालचं खातं त्याचा बचाव कशाला करेल? कायद्याची बाजू मांडायला अखेर दोन्ही सभागृहांना स्वतः कोर्टात उभं राहावं लागलं. चढ्ढांचे वकील ॲलन मॉरिसन. डिसेंबर १९८० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने चढ्ढांच्या बाजूने निकाल दिला; तो लिहिणारे न्यायाधीश होते अँथनी केनेडी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने एकदा युक्तिवाद ऐकले, निर्णय दिला नाही, डिसेंबर १९८२ मध्ये पुन्हा ऐकले, आणि २३ जून १९८३ ला सात विरुद्ध दोन मतांनी चढ्ढा जिंकले.

सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचा युक्तिवाद सरळ होता. सभागृहाच्या ठरावाने चढ्ढांची कायदेशीर स्थिती बदलली. एखाद्याचे हक्क बदलणारी कृती म्हणजे कायदा करणं, आणि कायदा करायची घटनेत एकच वाट आहे. एकट्या सभागृहाला जिथे काही करू द्यायचं होतं तिथे घटनेने तसं स्पष्ट लिहिलं आहे. महाभियोगाचा आरोप प्रतिनिधीगृहाने ठेवायचा. तो खटला सिनेटने चालवायचा. राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या नेमणुका सिनेटने मान्य करायच्या. परराष्ट्रांशी झालेल्या करारांना सिनेटने संमती द्यायची. या चारांत हद्दपारीचा ठराव कुठेच नाही. ही पद्धत संथ आहे, गैरसोयीची आहे, हे न्यायालयाने नाकारलं नाही. ती तशी ठरवूनच केली आहे, असं बजावलं.

न्यायमूर्ती लुईस पॉवेल निकालाशी सहमत होते, कारणाशी नव्हते. त्यांचं म्हणणं, प्रतिनिधीगृहाने इथे कायदा केलाच नाही, न्यायनिवाडा केला. सहा माणसं कायद्याच्या अटीत बसतात की नाही हे ठरवणं न्यायाधीशाचं काम आहे. तिथे बाजू मांडता येते, पुरावा देता येतो, वर अपील करता येतं. सभागृहात चढ्ढांना यातलं काहीच मिळालं नाही. तेव्हा एवढ्याच कारणावर निकाल द्या, बाकीच्या कायद्यांना हात लावू नका. मला स्वतःला पॉवेल यांचं म्हणणं अधिक पटतं. चढ्ढांवर झालेला अन्याय नेमका तोच होता : ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, ऐकलं नाही, त्यांनी त्यांच्या आयुष्याचा फैसला केला.

बायरन व्हाइट यांनी विरोधी मत दिलं. अशा तरतुदी असलेल्या कायद्यांची यादी त्यांनी मतासोबत जोडली. युद्धापासून अंदाजपत्रकापर्यंत सगळं त्यात होतं. त्यांनी विचारलं, की आता काँग्रेसपुढे उरतं काय? एकतर अधिकार द्यायचेच नाहीत आणि हजारो बारीकसारीक नियम स्वतः करत बसायचं, नाहीतर अधिकार देऊन हात झटकायचे. विल्यम रेन्क्विस्ट यांनी आणखी मुळावर बोट ठेवलं. नकाराची सोय नसती तर काँग्रेसने ॲटर्नी जनरलला हा अधिकार दिलाच नसता, मग अट रद्द करताना अधिकार तेवढा शाबूत कसा ठेवता? बहुमताने तेच केलं. लगाम कापला गेला, घोडा राहिला.

व्यवहारात नकार अगदीच संपला नाही. पुढच्या काळातही काँग्रेसने समित्यांची पूर्वसंमती मागणाऱ्या शेकडो तरतुदी कायद्यांत घातल्या. १९८४ मध्ये नासाच्या काही कार्यक्रमांवरच्या खर्चाला कायद्यात मर्यादा होत्या आणि समित्यांच्या मान्यतेशिवाय त्या ओलांडता येत नसत. रेगन यांनी ही मान्यतेची अट घटनाबाह्य ठरवली. त्यांतल्या एका समितीने उत्तर दिलं : ठीक आहे, मग अटीबरोबर मर्यादा ओलांडण्याची सवलतही काढून घेतो. नासाच्या प्रमुखांनी पत्र लिहून तोडगा सुचवला, की मर्यादा कायद्यात नकोत. पण त्या ओलांडण्यापूर्वी आम्ही समित्यांची संमती घेऊ. ज्याच्या हाती पुढच्या वर्षाचा पैसा, त्याचं ऐकावंच लागतं. पैशाची किल्ली काँग्रेसकडे असणं हीही घटनेचीच योजना आहे.

मोठ्या प्रश्नांत मात्र अशी समजूत चालत नाही. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेली आणीबाणी दोन्ही सभागृहांच्या ठरावाने संपत असे, सही लागत नसे. चढ्ढा निकालानंतर हे टिकणार नव्हतं, म्हणून १९८५ मध्ये दुरुस्ती होऊन सहीची अट आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मागितला तेवढा पैसा काँग्रेसने दिला नाही, तेव्हा त्यांनी आणीबाणी जाहीर केली. ती संपवायला प्रतिनिधीगृहाने २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटने ५९ विरुद्ध ४१ मतांनी ठराव केला; सिनेटमध्ये ट्रम्प यांच्याच पक्षाच्या बारा जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. १९७६ च्या मूळ कायद्यानुसार सिनेटच्या मतदानाच्या दिवशीच, १४ मार्चला, आणीबाणी संपली असती. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी व्हेटो वापरला. २६ मार्चला प्रतिनिधीगृहात तो मोडायला २४८ मतं पडली; लागत होती २८६. आणीबाणी चालू राहिली.

आपल्याकडे याची दुसरी बाजू आहे. जून १९७५ ची आणीबाणी भोगल्यावर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५२ बदलला. लोकसभेने नापसंतीचा ठराव केला की राष्ट्रपतींना आणीबाणीची घोषणा मागे घ्यावीच लागते. लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी लेखी सूचना दिली तर चौदा दिवसांत खास बैठक बोलवावी लागते. एका सभागृहाचा नकारच हा. पण तो साध्या कायद्यात नाही, घटनेतच आहे, म्हणून त्याला आव्हान नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकी पद्धत का घेतली नाही याची फोड केली होती. अमेरिकी कार्यकारी सत्ता अधिक स्थिर असते, संसदीय पद्धतीत ती अधिक जबाबदार असते, आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक वजन दिलं आहे. प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून सरकारची झडती रोज होते. अमेरिकेत ती ठरलेल्या मुदतीनेच. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, ती पद्धत जवळून पाहिलेल्या माणसाचं हे मत होतं. २०१९ चे आकडे पाहताना त्या भाषणातला फरक डोळ्यांसमोर उभा राहतो.

घटना न बदलता अमेरिकेला हे सुधारता येईल का? येईल. मार्च २०१९ मध्ये सिनेटर माइक ली यांनी एक विधेयक आणलं. त्यात भार उलटा टाकला होता : आणीबाणी तीस दिवसांनी आपोआप संपेल, पुढे चालवायची तर काँग्रेसने मंजुरी द्यायची. म्हणजे ती थांबवायला दोन-तृतीयांश गोळा करायची गरज नाही, गप्प राहिलं तरी पुरे. मॅडिसन यांच्या वाक्याशीही त्याचा झगडा नाही. जुलैमध्ये समितीने ते विधेयक पुढे पाठवलं, पण त्या काँग्रेसच्या मुदतीत ते मंजूर झालं नाही. तसं विधेयक केव्हाही मंजूर झालं तरी ते सहीसाठी राष्ट्राध्यक्षांपुढेच जाणार, आणि अधिकार कमी होणार ते त्यांचेच. त्यांनी नाही म्हटलं तर सगळे हजर असताना प्रतिनिधीगृहात २९० आणि सिनेटमध्ये ६७ मतं लागतील.