दिग्दर्शक घडतो कसा?

नाटक संपले की प्रेक्षक नटाची वाखाणणी करतो, नाटककाराचे नाव घेतो, नेपथ्याविषयीही दोन शब्द बोलतो. दिग्दर्शकाचे काम मात्र त्याला वेगळे काढून दाखविता येत नाही. जे काम असे नजरेआड राहते ते शिकविता येते काय, आणि त्यासाठी पदवी घेतल्यावर आणखी तीन वर्षे विद्यालयात घालवावीत काय, हा प्रश्न हौशी नाट्यमंडळांतील तरुणांना पडतो; त्यांच्या वडीलधाऱ्यांना तर अधिकच पडतो.

मराठी रंगभूमीला शिक्षणाची परंपरा नवी नाही. जुन्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर असत. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून जितके थोर, तितकेच नटांना तयार करणारे शिक्षक म्हणूनही ख्यात होते. परंतु तालीममास्तराचे लक्ष मुख्यतः नटाच्या वाणीवर व हावभावांवर असे. संहिता, अभिनय, प्रकाश, वेश आणि रंगमंचावरील जागा या सर्वांतून मिळून एकच अर्थ उमटावा, याची जबाबदारी घेणारा स्वतंत्र मनुष्य युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पुढे आला. जर्मनीतील साक्स-मायनिंगनचे ड्यूक जॉर्ज दुसरे यांच्या मंडळीने १८७४ साली बर्लिनमध्ये प्रयोग केले, तेव्हा जमावातील साध्या शिपायालाही नेमून दिलेले काम असते हे पाहून प्रेक्षक चकित झाले. आजच्या दिग्दर्शकाची कल्पना तेथून दृढ होत गेली.

आपल्या देशात या विद्येचे पद्धतशीर शिक्षण देणारी प्रमुख संस्था म्हणजे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. संगीत नाटक अकादमीने १९५९ साली ते स्थापन केले व १९७५ साली ते स्वायत्त झाले. १९६२ ते १९७७ या काळात इब्राहिम अल्काझी हे त्याचे संचालक होते. त्यांचा जन्म पुण्याचा आणि नाट्यशिक्षण लंडनचे. १९६३ साली त्यांनी ‘अंधा युग’ हे नाटक फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत उभे केले. महाभारतीय युद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगाची कथा ढासळलेल्या भिंतींपुढे घडली. नाटकाची जागा हीदेखील त्याच्या अर्थाचा एक भाग असते, हा धडा विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्यानाने इतका पटला नसता.

या विद्यालयात प्रवेश मागणाराजवळ कोणत्याही विषयाची पदवी आणि काही नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव असावा लागतो. तीन वर्षांपैकी प्रथम वर्षी सर्वांना सर्व विषय शिकावे लागतात. पुढे अभिनय किंवा आकल्पन व दिग्दर्शन अशी शाखा घ्यावी लागते. या क्रमात मोठे शहाणपण आहे. ज्याने स्वतः रंगभूषा करून पाय लटपटत असताना प्रवेश केलेला नाही, त्याला नटाची भीती कळत नाही. ज्याने दिवे बांधले नाहीत, तो दीपयोजकाकडे अशक्य गोष्टी मागतो.

दिग्दर्शनाचा खरा अभ्यास संहितेच्या वाचनापासून सुरू होतो. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घेऊ. ही दारूची शोकांतिका आहे की मानी मनुष्याच्या दुखावलेल्या अभिमानाची? सुधाकराची सनद काही काळ रद्द होते, त्या अपमानाच्या दाहात तळीराम त्याच्यापुढे प्याला करतो. दारू हाच विषय मानला तर प्रेक्षकाची दृष्टी त्या प्याल्यावर खिळली पाहिजे. अभिमान हा विषय मानला तर प्याला येण्यापूर्वीची सुधाकराची स्तब्धता अधिक महत्त्वाची ठरते. एकदा हा निर्णय झाला की खुर्ची कोठे, दार कोणत्या बाजूस, प्रकाश किती, या सर्वांना कारण मिळते. मग विद्यार्थी रंगमंचाचा नकाशा आखतो, प्रमाणबद्ध प्रतिकृती करतो आणि ‘असे का?’ या शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर देतो. नटाशी बोलतानाही वाक्य स्वतः म्हणून दाखविण्याऐवजी, ‘या क्षणी याला काय हवे आहे?’ असे विचारावयास तो शिकतो. शेवटी ठरलेल्या पैशांत व ठरलेल्या मुदतीत त्याला स्वतःचा प्रयोग उभा करावा लागतो. तो फसला तरी मंडळीचे दिवाळे निघत नाही आणि चूक कोठे झाली हे सांगणारे जाणते जवळ असतात. विद्यालयाचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच होय.

या शिक्षणाला एक मर्यादाही आहे. दिल्लीतील प्रयोग प्रामुख्याने हिंदीत होतात. मराठी, कन्नड वा मणिपुरी घरातून आलेला विद्यार्थी तीन वर्षे परक्या लयीत विचार करतो. परतल्यावर मातृभाषेतील विराम आणि ठसका त्याला पुन्हा शोधावा लागतो. ज्यांनी हा शोध घेतला त्यांचे काम मोलाचे ठरले. रतन थिय्याम यांनी इंफाळला परतून १९७६ साली स्वतःची नाट्यसंस्था काढली व मणिपुरी परंपरेतून ‘चक्रव्यूह’सारखे नाटक उभे केले. ब. व. कारंत यांनी कन्नड रंगभूमीला आणि वामन केंद्रे यांनी ‘झुलवा’द्वारे मराठी रंगभूमीला या विद्येचा लाभ करून दिला. पुष्कळ जण मात्र चित्रपटांकडे वळले, आणि गावोगावची मंडळे त्यांची वाटच पाहत राहिली.

म्हणूनच जवळच्या केंद्रांचे महत्त्व आहे. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, हैदराबाद विद्यापीठात, पुण्याच्या ललित कला केंद्रात आणि गोव्याच्या कला अकादमीतही नाट्यशिक्षणाची सोय झालेली आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांत शिक्षक किंवा कारकून दिवसाचे काम आटोपून रात्री तालमी घेत आले आहेत. त्यांच्यातील एखाद्या होतकरू तरुणाला मंडळाने शिकावयास पाठविले आणि परतल्यावर त्याच्या हाती एक नाटक निर्धास्तपणे सोपविले, तर त्या शिक्षणाचे चीज होईल.

प्रतिभा कोणतेही विद्यालय देऊ शकत नाही. परंतु आपण रंगमंचावर जे करतो ते का करतो, हे स्वतःला विचारण्याची सवय विद्यालय लावू शकते. ज्याला ती सवय लागली, त्याची तीन वर्षे वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.