दोष नसांचा की धुराचा?

दम लागायला लागला की घरात पहिलं निदान ठरलेलं असतं : टेन्शन. आता त्यात भर पडली आहे ‘व्हेगस नर्व्ह’ची. व्हेगस ही आपोआप चालणाऱ्या, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचा भाग. श्वासनळ्या आणि ही मज्जासंस्था यांचं नातं खरंच आहे, पण त्यावर रचलेल्या समजुती पेशंटला चुकीच्या दिशेला नेतात.

गैरसमज : व्हेगस जितकी जोरात, तितकी फुप्फुसं निरोगी.

गार पाण्यानं तोंड धुवा, गुणगुणा, व्हेगस जागी करा, असे सल्ले सध्या घरोघरी पोचले आहेत. व्हेगस हृदयाची गती कमी करते, हे खरं. श्वासनळ्यांत मात्र तिच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि कफ वाढतो. पहाटे तिचा जोर जास्त असतो. चारच्या सुमाराला दमेकऱ्याला उठून बसावं लागतं, त्यामागचं हे एक कारण. हृदयाकडे आणि श्वासनळ्यांकडे जाणारे व्हेगसचे तंतू वेगवेगळ्या पेशींतून निघतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला हृदयगतीचा आकडा श्वासनळ्यांबद्दल काही सांगत नाही.

सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या आजारात, टायोट्रोपियमचा पंप देतात तो व्हेगसचा हाच आदेश अडवण्यासाठी. या औषधांचं मूळ धोतऱ्यातल्या ॲट्रोपीनसारख्या द्रव्यांत आहे. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून इंग्लंडला गेला. (धोतरा विषारी आहे. घरी प्रयोग नकोच.) ॲसिटिलकोलीन इतर अवयवांतही काम करतं, म्हणून या पंपानं तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. तसं झालं तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. पंप परस्पर बंद करू नका.

ओठांचा चंबू करून सावकाश सोडलेला श्वास धाप कमी करतो, कारण आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वेळ मिळतो. तो जरूर करावा. झिजलेली फुप्फुसं त्यानं भरून येत नाहीत.

गैरसमज : श्वास स्वायत्त मज्जासंस्थाच चालवते.

श्वासाचा हुकूम मेंदूच्या तळातून फ्रेनिक नर्व्हमार्फत श्वासपटलाला जातो. ही नर्व्ह स्वायत्त नाही, म्हणून तर आपण श्वास रोखू शकतो. फुप्फुस प्रत्यारोपणात नव्या फुप्फुसांचा व्हेगसशी संबंध तुटतो, तरी पेशंट त्यांनीच श्वास घेतो.

गैरसमज : आधी मज्जासंस्था बिघडते, मग सीओपीडी होतो.

सीओपीडीच्या पेशंटची बसल्या जागची नाडी बऱ्याचदा जलद असते, स्वायत्त मज्जासंस्थेची धावपळीची, म्हणजे सिंपथेटिक बाजू ताणलेली असते. पण कमी ऑक्सिजन, शरीरातला दाह, हालचाल थांबणं आणि खुद्द सिगारेट, यांतलं प्रत्येक कारण हा बिघाड घडवू शकतं. सोबत आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. औषधांच्या चाचण्याही सावध करतात. मूळ दोष मज्जासंस्थेत असता, तर तिचे आदेश अडवल्यावर आजार मंदावायला हवा होता. २००८ च्या ‘अपलिफ्ट’ चाचणीत सुमारे ६,००० पेशंटवर ४ वर्षं टायोट्रोपियम तपासलं. त्रास कमी झाला, आजार उसळण्याचं प्रमाण घटलं. फुप्फुसांची क्षमता घटण्याचा वेग मात्र मंदावला नाही. २०१९ साली मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे सिंपथेटिकचा आदेश अडवणारं औषध, सीओपीडीसाठी देऊन पाहिला, तर आजार उसळणं थांबलं नाहीच, उलट ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण वाढलं. हे पेशंट हृदयासाठी त्या गोळीची गरज नसलेले होते. हृदयविकारासाठी ती घेणाऱ्यांनी हे वाचून गोळी सोडू नये.

मूळ कारण धूर आहे. तो फक्त बिडी-सिगारेटचा नाही, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर मांडलं. ओली लाकडं पेटेनात म्हणून फुंकणी तोंडाला लावून चुलीशी वाकलेल्या बाईच्या नाकातोंडात प्रत्येक फुंकरीनंतरच्या श्वासाबरोबर तोच धूर जातो, आणि असं तीस-चाळीस वर्षं. तिनं विडी कधी हातात धरलेली नसते. पुढे तिला जिना चढवेना की ‘वय झालं’, ‘फार विचार करते’ म्हणून विषय मिटवतात. हे मला अन्यायाचं वाटतं.

तुमच्या घरात अशी आई, आजी असेल तर तिची स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायची ही साधी तपासणी आहे. श्वासनळ्या उघडणारं औषध दिल्यानंतरही एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर पडली, तर ते टेन्शन नाही. डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली नाही, तर तुम्ही मागा.