नगराचा कारभार : लेखांक ५ — उमेदवाराचे वचन आणि पालिकेचे दप्तर

नगरपालिकेची सत्ता कोठून येते आणि तिचे उत्पन्न कशाकशाचे असते, याचा विचार मागील लेखांकांत झाला. आज त्या सभागृहात जाऊन बसू इच्छिणाऱ्या, आणि तेही ‘लोकांचा पैसा जपून खर्च करीन व कारभार उघडा ठेवीन’ एवढ्याच वचनावर मते मागणाऱ्या उमेदवाराकडे वळावयाचे आहे. असे वचन ऐकून मतदार मान डोलावतो. परंतु ते पाळावयाचे म्हणजे सोमवारी सकाळी पालिकेत जाऊन नेमके काय करावयाचे, हे पुष्कळदा उमेदवारालाही ठाऊक नसते.

पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले हे १८७६ पासून सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारावे व त्याकरिता एक हजार रुपये खर्चावे, असा प्रस्ताव आला, तेव्हा ही रक्कम पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असे जोतीरावांचे म्हणणे पडले, आणि बत्तीस सभासदांत विरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचे. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते हजार रुपये तिजोरीत शिलकी टाकावेत असे जोतीराव म्हणाले नव्हते. ते कोठे लागले पाहिजेत हे त्यांनी सांगितले होते. काटकसर आणि कंजुषी यांतील हा भेद ज्या उमेदवाराच्या मनात स्पष्ट नाही, त्याने काटकसरीच्या नावावर मत मागू नये, असे मला वाटते. पुढे ज्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषविले, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे भाषण केले, त्यातही रयत हलाखीत असता सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक साचत राहणे हे भूषण नव्हे, तर रयतेवर गरजेहून अधिक कर बसविल्याचा तो पुरावा आहे, हाच मुद्दा त्यांनी आकड्यानिशी मांडला होता.

आता अंदाजपत्रक उघडू. त्याचे महसुली आणि भांडवली असे दोन भाग असतात, आणि जपून खर्च करण्याचे वचन बहुधा या दोहोंच्या सांध्यावरच निखळते. शासनाच्या अनुदानातून एखादे उद्यान उभे राहते. तो खर्च भांडवली, आणि पैसा वरून आलेला, म्हणून सभागृहात कोणाचीच हरकत नसते. परंतु त्या उद्यानाचे दिवे, पाणी, माळी, रखवालदार आणि दोन वर्षांनी मोडणारे झोपाळे यांचा भार दरसाल महसुली बाजूवर पडतो, आणि तो पेलावा लागतो घरपट्टीला व पाणीपट्टीला. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ साली उठल्यापासून त्यांचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः या दोन पट्ट्यांवरच येऊन ठेपले असल्यामुळे, फुकट मिळालेल्या वास्तूसारखी महाग वस्तू लहान गावाला दुसरी नाही. म्हणून प्रत्येक नव्या कामाच्या मंजुरीच्या वेळी ‘याच्या देखभालीची तरतूद कोणत्या शीर्षाखाली केली आहे?’ हा एकच प्रश्न जो सभासद न चुकता विचारील, तो पाच वर्षांत गावाचा जेवढा पैसा वाचवील तेवढा भत्ता नाकारून किंवा चहापाणी बंद करून वाचणार नाही.

उघड्या कारभाराचे वचन याहून वेगळे नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सभेची विषयपत्रिका सभासदांना आगाऊ द्यावी लागते, आणि सभा एरवी लोकांना खुली असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने तर अंदाजपत्रक, नियोजित खर्च आणि दिलेल्या रकमांचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपण होऊन प्रसिद्ध करणे हे प्रत्येक सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा नवा कायदा आणीन म्हणणाऱ्या उमेदवाराने आधी असलेला कायदा चालवून दाखवावा. विषयपत्रिका हाती पडताच ती प्रभागातील चौकात लावणे, अंदाजपत्रकातील आपल्या प्रभागापुरते आकडे सोप्या भाषेत उतरवून घरोघरी देणे, रस्त्याचे देयक मंजुरीस आले की मोजमाप पुस्तकाची प्रत घेऊन, त्यात लिहिलेली लांबी, रुंदी आणि जाडी चार शेजाऱ्यांसह प्रत्यक्ष टेपने पडताळणे, यांपैकी कशालाही बहुमत लागत नाही. एकटा सभासद हे करू शकतो.

यासाठी सभासद मात्र असावा लागतो. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे असे सांगितले असूनही, आपल्या राज्यात कित्येक नगरांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतरच निवडणुकांना गती आली. त्या काळात खर्च होत होता, ठराव होत होते, पण ‘का’ असे विचारणारा निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता. ही उणीव किती मोठी, हे मला एका सभेत उमगले.

काही वर्षांपूर्वी एका लहान गावच्या सर्वसाधारण सभेस मी प्रेक्षक म्हणून बसलो होतो. विषयपत्रिकेवरील विषय संपले, खुर्च्या मागे सरू लागल्या, आणि त्या गलबल्यातच लिपिकाने अध्यक्षांच्या परवानगीने ‘ऐनवेळचे विषय’ वाचावयास घेतले. ज्याची टिपणी कोणी पाहिली नव्हती अशा एका बांधकामाच्या वाढीव खर्चाला ‘मंजूर, मंजूर’ म्हणत हात वर होत असता, मागच्या रांगेतील एक प्रौढ सभासद बाई उठून म्हणाल्या, “अहो, हा विषय पत्रिकेत कोठे आहे?” “ताई, मागाहून बघू,” असे उत्तर आले. त्या बसल्या नाहीत. “मग माझा विरोध लिहून घ्या,” असे त्यांनी तीनदा सांगितले, तेव्हा लिपिकाने लेखणी हलविली.

पुढील सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय निघाला. असे इतिवृत्त न वाचताच कायम करण्याचा तेथील शिरस्ता होता. बाईंनी ते पान वाचावयास लावले; त्यावर ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले निघाले. अर्धा तास वाद झाला. अखेर ‘सर्वानुमते’ खोडून त्याजागी ‘बहुमताने’ घातले गेले, आणि समासात बाईंचे नाव व ‘विरोध’ हा शब्द चढला. खर्च टळला नाही. पण लेखापरीक्षकाने पुढे त्या रकमेवर आक्षेप घेतला, तेव्हा त्याने बोट ठेवले ते याच पानावर. त्या पानाची प्रत मी माहितीच्या अधिकारात अर्ज करून, दोन रुपये भरून घेतली होती. हे लिहिताना ती माझ्यापुढे आहे, आणि समासातली शाई मुख्य मजकुराहून वेगळी आहे, हे प्रतीतही कळते.